वाचून दाखवलेले वचन

हळर्ण, पेडणे
२७ डिसेंबर

प्रिय सेजल,

नाताळच्या दुपारी तू फोनवर पाठवलेला निरोप मी आतापर्यंत सात वेळा ऐकला. एक मिनिटही पुरते भरत नाही तो. “विनू, एक तारखेक माझी वाट बघू नको, मागीर पण बघू नको. ज्या देवान आवशीच्या हातात तसला वचन दिल्यान आणि पाच म्हयन्यांत तिका व्हेल्यान, तेच्या म्होरां माका आता डोळे मिटान बसाक जमाचा नाय.” मागून फोंड्याच्या बाजारातल्या कुठल्याशा बसचा भोंगा ऐकू आला, आणि मामांकडे बरी आहे एवढे म्हणून तू निरोप संपवलास. मी उत्तर दिले नाही याचा तुला राग आला असेल. फोनवर माझी जीभ उचलत नाही हे तुला शाळेपासून ठाऊक आहे. पण या वेळी कारण तेवढेच नव्हते. मला जे सांगायचे आहे ते तोंडाने सांगण्याचे बळ माझ्यात नाही, आणि न सांगता हे वर्ष संपू देणेही मला जमणार नाही. म्हणून कागद घेतला. हे पत्र तू एकटी असताना वाच, आणि मध्येच फाडून टाकावेसे वाटले तरी शेवटपर्यंत वाच.

इकडची खबर आधी सांगते, कारण ती सोपी आहे. नदीकाठच्या मळ्यांत वायंगणाची, उन्हाळी भाताची, लावणी सुरू झाली आहे. तुमच्या शेतात यंदा सगुणकाका एकटेच उतरले. माझी आई दोन दिवस त्यांच्या मदतीला गेली होती. ती सांगत होती, माणूस दिवसभरात चार शब्द बोलला असेल, आणि त्यांतले दोन बगळ्यांना हाकलताना. नाताळ नेहमीप्रमाणे सदाशिवबंधूंच्या पडवीतच झाला. कागदाची चांदणी गेल्या वर्षीचीच, एका कोपऱ्यात वाळवी लागलेली, चटया त्याच, माणसे मात्र बत्तीसांची पंचवीसवर आली आहेत. गाण्याचा पहिला सूर तू धरायचीस. यंदा तो प्रत्येकाने आपापला धरला आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत आम्ही एकमेकांना शोधत राहिलो. प्रार्थनेनंतर सगुणकाकांनी, बापच ना ते तुझे, मला विचारले, “सेजल येतली मां गो?” मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे मलाही ठाऊक नाही.

या पडवीत आपण दोघी एकाच वर्षी आलो. माझे बाबा खाणीवरच्या ट्रकवर होते. खाण बंद पडली, ट्रक अंगणात उभा राहिला आणि बाबा बाटलीपाशी बसले. सदाशिवबंधू एकेकाळी त्यांच्याच मागचा ट्रक हाकणारे. ते रोज संध्याकाळी येऊन आमच्या पायरीवर नुसते बसत, उपदेशाचे अक्षर काढत नसत. वर्षभराने बाबा स्वतःच्या पायांनी त्यांच्या पडवीत गेले. पुढच्याच महिन्यात तुझी आई, माझी आनंदीमावशी, तुला हाताला धरून आली. तिला श्वास लागायचा म्हणून, आणि माझ्या आईची मैत्रीण होती म्हणूनही. आपण तेव्हा सहावीत होतो. आपली नावे बदलली नाहीत, आडनावे बदलली नाहीत, पण आपली ओळख मात्र कुठल्याच रकान्यात मावेनाशी झाली. महाविद्यालयात अर्ज भरताना कारकुनाने माझे नाव आणि धर्म दोनदा वाचून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले होते. म्हापशाच्या मैत्रिणी प्रेमाने विचारतात की तुमची इगर्ज म्हणजे चर्च कोणते, तुमचे फेस्त, वार्षिक सण, कोणत्या संताचे, आणि माझ्याजवळ सांगायला एक पडवी असते. वाड्यावर आपल्याला कोणी तोडले नाही, हेही खरे. गणेशचवथीला शेजारची शेवंतीकाकी अजूनही मधल्या दगडी गडग्यावरून नेवऱ्यांचे ताट देते. फक्त गणपतीवर टांगलेली फळापानांची माटोळी बघायला या असे म्हणत नाही. आम्ही जाणार नाही याची तिला भीती, आणि ती बोलावणार नाही याची आम्हांला. आठवते, एकदा तिने तुला डिवचले होते, “काय गो, तुमचो देव आयतवारीच उठता?” आणि तू डोक्यावरची घागर न हलवता म्हणालीस, “आमचो देव रोज उठता काकी, आमीच आयतवारी उठतंव.” काकी हसून हसून गडग्याला टेकली. तुझ्या त्या विनोदांच्या आडोशाला उभी राहून मी इतकी वर्षे ख्रिस्ती म्हणून जगले, सेजल. स्वतःच्या तोंडाने सांगण्याची वेळ माझ्यावर फार थोड्या वेळा आली.

एक जानेवारीच्या सकाळची आपली रीत तुला नव्याने सांगायला नको, तरी मांडते, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. इतरांचे नवे वर्ष जुन्या वर्षाचा पेंढ्याचा म्हातारा जाळून सुरू होते, आपले टोपलीने. पवित्र शास्त्रातली वचने लिहिलेल्या चिठ्ठ्या घडी घालून टोपलीत टाकायच्या, वर पांढरा रुमाल पसरायचा, आणि प्रत्येकाने प्रार्थना करून, न बघता, स्वतःच्या हाताने एक उचलायची. जे निघेल ते त्या माणसाचे त्या वर्षाचे वचन. ते सर्वांसमोर वाचायचे आणि बारा महिने त्याच्या आधाराने चालायचे. छापील चिठ्ठ्या मिळतात, पण त्या इंग्रजीत. आपल्या माणसांना वाचता येते ते मराठी, तेही ठळक अक्षरांत लिहिलेले. त्यामुळे मराठीत पहिल्या येणाऱ्या मुलीकडे हे काम आले. चार वर्षे मीच वचने निवडली, मीच लिहिली, टोपली घेऊन चटयांमधून मीच फिरले, आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी मीच वाचले. मला गाता येत नाही. साक्ष द्यायला उभी राहिले तर दोन वाक्यांत खाली बसते. ही एवढीच माझी सेवा होती आणि मला तिचा अभिमान होता. तो जरा जास्तच होता, हे आज दिसते.

गेल्या एक जानेवारीला तू माझ्या मागे उभी होतीस. त्याआधीच्या डिसेंबरात बांबोळीच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी मावशीच्या हृदयाची झडप बदलावी लागेल असे सांगितले होते आणि फेब्रुवारीतली तारीख दिली होती. तेव्हापासून ती झोपत नव्हती. छाती उघडणार या एका कल्पनेने तिचा चेहरा महिनाभरात लहान झाला होता. टोपलीत हात घालून ती इतका वेळ चाचपत राहिली की सगुणकाका पुरुषांच्या चटईवरून म्हणाले, “आनंदी, बाजारात वांगी निवडतंस काय?” सगळी पडवी हसली, तीही हसली. मग तिने एक चिठ्ठी काढली, उलगडली, लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली, आणि माझ्यापुढे केली. “वाच गो विनू, माझो चष्मो घराकडे ऱ्हवलो.” मी वाचले. आजारी पडलेल्या त्या राजाविषयीचे वचन, ज्याने भिंतीकडे तोंड करून अश्रू ढाळले आणि ज्याचे अश्रू पाहून प्रभूने त्याचे आयुष्य वाढवून दिले. मग सदाशिवबंधूंनी मोठ्याने आमेन म्हटले, मावशीने पदर डोळ्यांना लावला, आणि तू मागून माझा खांदा इतका घट्ट दाबलास की संध्याकाळपर्यंत तो दुखत होता. तुला दिसले ते एवढे.

त्या दिवसापासून तिला झोप लागू लागली, हे तूच मला सांगितले होतेस. तिचे जेवण वाढले, चेहरा भरला. आणि फेब्रुवारी आला तेव्हा तिने इस्पितळात जायला साफ नकार दिला. “देवान लिवन दिल्यान, आता डॉक्टर आणि काय वेगळा सांगतलो?” तू रडलीस, भांडलीस, दोन दिवस जेवली नाहीस. सगुणकाका एक दिवस तुझ्या बाजूचे आणि एक दिवस तिच्या. सदाशिवबंधू स्वतः जाऊन म्हणाले की डॉक्टरांचे हातही देवानेच घडवले आहेत, आनंदीबाई, तारीख चुकवू नका. तिने त्यांना चहा दिला आणि म्हणाली, “बंधू, तुमचा बोलणा खरा. पण तुमी माणूस.” शेवटी तू माझ्याकडे आलीस. तुझा ती ऐकता, तू सांग, म्हणालीस. मी गेले. ती अंगणात उन्हाला बसून चवळी निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि बराच वेळ मीही चवळी निवडली. जे सांगायला गेले होते त्याचे पहिले वाक्य मी वाटेत पाठ केले होते. तोंडातून निघाले ते एवढेच, की मावशी, तारीख चुकवू नको. तिने चवळीने धुळकटलेला हात माझ्या गालाला लावला. “तुझ्याच तोंडान देव बोललो, आणि आता तूच भितंस गो?” मी उठून घरी आले. तुला सांगितले की ती ऐकत नाही. ते खोटे नव्हते. पण मी तिला काय सांगायला गेले होते, ते तुला सांगितले नाही.

मे महिन्याचे मी लिहीत नाही, ते तू माझ्याहून अधिक पाहिले आहेस. फक्त दफनाचा दिवस लिहिते, कारण त्या दिवशी तू काही पाहण्याच्या स्थितीत नव्हतीस. गावच्या मसणवटीत आपल्याला जागा मागता येईना आणि चर्चच्या सिमितेरीत आपले नाव नाही, असे सकाळपासून दुपारपर्यंत चालले होते. मावशी पडवीत तशीच होती. अखेर सगुणकाका कुदळ घेऊन तुमच्या काजूच्या भाटात गेले आणि वरच्या बांधालगत खणू लागले. बाबा गेले, सदाशिवबंधू गेले, आणि मग वाड्यावरचे ज्यांनी आपल्याशी बोलणे कमी केले होते तेही दोघेतिघे कुदळी घेऊन गेले. शेवंतीकाकी अबोलीचा वळेसर घेऊन लांब काजूखाली उभी होती. सगळे झाल्यावर ती पुढे आली, वळेसर ठेवला, मूठभर माती टाकली आणि कोणाकडेही न पाहता निघून गेली. मी तिथे उभी राहून एकच गोष्ट मनात घोळवत होते, की या सगळ्या माणसांत एकच माणूस असा आहे की ज्याला हा खड्डा का खणावा लागला हे नीट ठाऊक आहे.

गेल्या रविवारी सदाशिवबंधूंनी उपासनेनंतर जाहीर केले की एक तारखेची साक्ष यंदा सगुणकाका देतील. मावशी गेल्यापासून काका तिची ती चिठ्ठी खिशात बाळगून आहेत. घामाने भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी पिशवीची कड मेणबत्तीवर धरून चिकटवली आहे. कोणी भेटले की ते ती काढून दाखवतात. त्यांनी त्या वचनाशी आपली समजूत घालून घेतली आहे. “वर्सां दिल्यान तेणा,” ते म्हणतात, “पण हय नाय, थय.” इथे नाही, वर देवाघरी, हेच ते सगळ्यांसमोर सांगणार आहेत. त्यानंतर बंधूंनी कोऱ्या कागदांचा गठ्ठा माझ्या हाती दिला आणि नेहमीच्या मायेने म्हणाले, “विनिता, यंदाही तुझेच अक्षर.” मी घरी येऊन कागद कापले. साठ पट्ट्या माझ्या टेबलावर पडून आहेत आणि सहा दिवसांत एकीवरही अक्षर उमटलेले नाही.

आता तुला न दिसलेले सांगते. वचने निवडताना फक्त आशीर्वादाची, धीराची घ्यावीत, असे बंधूंनी मला पहिल्या वर्षीच सांगितले होते. गेल्या वर्षी मी ते पाळले नाही. मला वाटले, तीच तीच गोड वचने काय लिहायची. मी मराठी साहित्याची विद्यार्थिनी, मला शब्दांचे सौंदर्य कळते. म्हणून काही वचने मी केवळ त्यांच्या भाषेसाठी घेतली. त्यांत एक होते माणसाचे आयुष्य किती थोडे आहे हे सांगणारे, आणि ते दिवस मोजून शहाणपणाने वागायची बुद्धी दे असे मागणारे. लिहिताना मी त्यातल्या काने-वेलांट्याही कोरून काढल्या होत्या. मावशीने वांगी निवडावीत तशी चाचपून जी चिठ्ठी काढली, ती ही होती. ती माझ्या हातात आली, मी वर पाहिले, आणि तिचे डोळे माझ्या तोंडाकडे लागलेले दिसले. महिनाभर न झोपलेल्या बाईला सगळ्यांसमोर आयुष्य थोडे आहे असे कसे वाचून दाखवायचे? मी कागदाकडे बघत राजाचे वचन म्हटले. ते मला पाठ होते. चिठ्ठी तिला परत दिली नाही. घडी नीट करून देते म्हणून ठेवून घेतली आणि दुपारी घरी राजाचे वचन नव्या कागदावर लिहून तिला नेऊन दिले. सगुणकाकांच्या खिशात आहे ती ही दुसरी. पहिली माझ्याजवळ आहे. मी कापलेल्या कागदांतून देव बोलतो की नाही, हे मला खरोखर कळत नाही. पण तो बोलत असलाच, तर तारीख चुकवू नये म्हणून तिला जे सांगायला हवे होते, नेमके तेच तिच्या हातात आले होते, आणि ते मी तिच्यापर्यंत पोहोचू दिले नाही. फेब्रुवारीत तिच्या अंगणात मी हेच कबूल करायला गेले होते. ती हसत होती, जेवत होती, झोपत होती, आणि माझ्यामुळे आलेले ते हसू पुसायला माझा हात उठला नाही. धीर झाला नाही हे एक. आणि, आज लिहितेच आहे तर हेही लिहिते, देव माझ्या तोंडाने बोलला असे कोणीतरी म्हणावे, हे मला आवडले होते.

हे पत्र आजच का लिहिले ते आता तुला कळले असेल. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी आपण सर्वजण उभे राहून आम्ही ख्रिस्ताचे आहोत असे म्हणतो. इतकी वर्षे मी ते तुझ्या मागे, ओठांतल्या ओठांत म्हटले. यंदा ते म्हणण्याआधी मला खरे बोलायचे आहे, आणि ते ऐकण्याचा पहिला हक्क तुझा आहे. क्षमेचा शब्द मी मुद्दामच लिहीत नाही. तो लिहिला की उत्तराचे ओझे तुझ्यावर येते. माझ्याशी बोलणे तोडलेस तर मी तुझ्या दारात येऊन उभी राहणार नाही. पण सेजल, तू ज्याच्यापुढे डोळे मिटून बसायचे नाही असे ठरवले आहेस, त्याने तुझ्या आईला फसवले नाही. तिच्या हातातले वचन त्याने बदलले नाही, मी बदलले. त्याला सोडायचे असेल तर तुझ्या स्वतःच्या कारणासाठी सोड, माझ्या पापासाठी नको. पत्र मी आजच पेडण्याहून पोस्टात टाकते, परवापर्यंत तुला मिळेल. एकतीस तारखेला सकाळी मी तुमच्या शेतावर जाऊन सगुणकाकांना हे सगळे सांगणार आहे, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्यांनी पंचवीस माणसांसमोर माझे खोटे साक्ष म्हणून सांगू नये. त्यांचा एवढाच आधार मी काढून घेणार, हे मला कळते. त्याचा विचार करून करून माझी चार दिवस झोप उडाली आहे आणि दुसरी वाट सापडलेली नाही. त्यांनी ते माझ्या तोंडून ऐकू नये असे तुला वाटत असेल, तर त्याआधी ये आणि तू सांग. मी बांधावर थांबेन, म्हणालीस तर तिथूनही परत जाईन. फक्त त्यांना सांगूच नकोस, असे मला सांगू नकोस.

अजून तरी तुझीच,
विनिता